ढिगाचा तळ

कडेगाव तालुक्यातल्या एका बंद दगडखाणीबाहेर डबराचा टेकडीएवढा ढीग वर्षानुवर्षं पडून होता. पावसाळ्यात त्याचा गाळ शेजारच्या वावरांत उतरायचा. येरळाकाठच्या काळ्या रानातून जाणारा रस्ता दुरुस्तीला निघाला, तेव्हा त्याचा खालचा थर याच डबरातून करायचं ठरलं. मला मनापासून आनंद झाला होता, कारण मुरमासाठी आणखी एक टेकडी फोडावी लागणार नव्हती. साईटवरच्या लॅबमध्ये मी काम करतो. नमुने मीच घेतले होते आणि ते पासही झाले होते.

त्या दिवशी दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं होतं. जेवणानंतर आलेला पहिला डंपर रिकामा झाला आणि दगडाचा रंगच बदललेला दिसला. काळ्याऐवजी तांबूस, मधेमधे पांढऱ्या गारगोटीचे ठिपके. मी रोलर थांबवला आणि गाडी घेऊन खाणीवर गेलो.

पोकलेन ढिगाच्या तळाला लागला होता. शेजारी मुकादम काका उभे होते. या खाणीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सुरुंग भरले.

"सायब, नमुना वरनं घेतला हुता न्हवं?"

"हो, काका."

"मग बराबर. ढीग म्हंजी खाण उलटी केल्याली. जे आदी निघालं ते तळाला."

ऐकलं आणि पोटात गोळाच आला. किती सरळ गोष्ट होती! खाण उघडताना आधी माती निघते, मग मुरूम, मग मऊ मांजऱ्या दगड, एखाद्या ठिकाणी तांबडा पट्टा. काळा पाषाण त्यानंतर लागतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. दोन थरांच्या मधल्या काळात खालच्याचा माथा कुजून माती झाली आणि वरच्या लाव्हाखाली भाजून निघाली, तोच हा तांबडा पट्टा. खाणवाले तो बाजूला फेकतात, म्हणून तो तळाशी. क्रशरला न चाललेले कठीण दगड शेवटी निघाले, ते माथ्यावर. मी माथ्यावरचेच उचलून आणले होते.

काकांनी पाण्याची बादली मागवली. तांबडा एक खडा आणि काळा एक, दोन्ही आत टाकले. तांबड्यातून बुडबुडे यायला लागले. थोड्या वेळात त्याचे पापुद्रे सुटले, आणि चहा पिऊन होईतो बादलीच्या तळाशी नुसता लगदा उरला. काळा होता तसाच.

सुपरवायझरचं म्हणणं होतं की रोलर फिरला की सगळं बसतंय. खरं आहे, कोरडा असताना हा माल फार सुंदर बसतो, आणि धोका नेमका तिथंच आहे. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या थराने भार पसरवायचा असतो आणि पाणीही बाहेर काढायचं असतं. तो थरच चिखल झाला, तर गळिताच्या हंगामात उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांखाली रस्ता टिकणार कसा? गाडी उलटून बैल जायबंदी झालेले मी पाहिलेत. त्या दिवशी मी अडून बसलो. शिव्याही खाल्ल्या.

मग ढिगाच्या तीन उंचींवरून वेगवेगळे नमुने घेतले. साच्यात ठोकून, वर वजन ठेवून ते ४ दिवस पाण्यात बुडवले. नंतर ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला १.२५ मिलिमीटर या गतीने आत दाबत गेलो. या थराला सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, निदान ३० लागतो; प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे ओल्या मातीच्या चिकटपणाचा आकडा, ६ च्या वर चालत नाही. माथ्याचा माल दोन्हींत सहज बसला. मधल्याला क्रशरची कच मिसळून सावरता आलं. तळाच्या मालात दांडा लोण्यात जावा तसा गेला.

रस्त्यावर पडलेला तांबडा माल आम्ही उचलला आणि तळाच्या मालासकट खाणीच्याच खड्ड्यात परत भरला. जवळच्या एका आजोबांनी त्यातल्या चार ट्रॉल्या बांधाला मागून नेल्या.

पाचव्या दिवशी काका मोटरसायकलवर लॅबमध्ये आले. मी त्यांना वहीतले आकडे दाखवले. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मधल्या मालाचा खडा बादलीत टाकून बघितला का?"

नव्हता टाकला. आम्ही दोघं उठून बाहेर नळावर गेलो.