हात शिरेल एवढी जागा

हेडलाइटचा बल्ब गेल्याची बातमी गाडी चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी मिळते. आपण एका दिव्यावर गावभर फिरून येतो आणि पेट्रोल पंपावरचा मुलगा टाकी भरता भरता सांगतो, "ताई, तुमची उजवी लाइट बंद आहे." म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आपण मोटरसायकल वाटत होतो. तेवढ्याच हिशेबाने तो बाजू देतो. त्यातून उजवा दिवा गेलेला असेल तर गाडीचा जो भाग रस्त्याच्या मध्याकडे असतो, नेमका तोच अंधारात असतो. तेव्हा काम आजचं उद्यावर टाकण्यासारखं नाही. बल्ब तरी केवढ्याचा? दोन-तीनशे रुपयांचा. आणून बसवला की झालं, असं आपण स्वतःला सांगतो.

माझे बाबा हे काम रविवारी सकाळी, बनियनवर करायचे. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचे दिवे गोल होते. भोवतीची चकचकीत रिंग काढली की अख्खा दिवा पुढूनच हातात यायचा, बोनेटसुद्धा उघडावं लागत नसे. पुढे मारुती ८०० आली. तिचं बोनेट उघडून मागून काम करायचं, पण तिथेही कोपरापर्यंत हात जायचा. कपलर ओढा, रबरी टोपी काढा, स्प्रिंगचं लॉक सोडा, बल्ब बाहेर. आत एच-फोर जातीचा हॅलोजन बल्ब, साठ-पंचावन्न वॅटचा. एकाच काचेत दोन तारा, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते म्हणून समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. बल्ब उलटा बसला तर सगळं गणित फिसकटेल, म्हणून त्याच्या कडेला तीन कान असे दिलेले असतात की तो एकाच पद्धतीने बसतो. हा बल्ब १९७१ सालचा. ज्या कोणी तो आखला, त्याच्या डोळ्यांसमोर बनियनवर उभा असलेला एक माणूस नक्की असणार.

आता माझी गाडी. बोनेट उघडलं की आधी काही दिसतच नाही, सगळीकडे काळ्या प्लॅस्टिकची झाकणं. एका दिव्यामागे बॅटरी, दुसऱ्यामागे एअर फिल्टरचा डबा. दिवा स्वतः पुढून वळून थेट मडगार्डपर्यंत पसरलेला. बाहेरून हातभर लांब, आणि मागे फट एवढी की चार बोटं आत जातात, अंगठा बाहेर राहतो. अंगठ्याशिवाय माणसाला काय काय येत नाही, हे त्या फटीत कळतं. लॉकची तार आधी आत दाबायची, मग बाजूला सरकवायची, आणि हे सगळं चाचपून. वरून बघावं तर स्वतःचंच मनगट आड येतं. त्यात हॅलोजनच्या काचेला बोट लागता कामा नये. ती क्वार्ट्झची काच इतकी तापते की बोटाचा तेलकटपणा राहिला तर त्या जागी ती खराब होते आणि बल्ब लवकर उडतो. म्हणजे न बघता, अंगठ्याविना आणि काचेला न शिवता! सोवळ्यातसुद्धा एवढे नियम नसतात.

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात याचं एक चित्र आहे. त्यातला हात गोरापान, नाजूक, मनगटापाशी संपलेला. कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण त्याला कोपरच नाही. माझ्या ओळखीतल्या एकांच्या गाडीच्या पुस्तकात तर चाक पूर्ण वळवून आतलं प्लॅस्टिकचं अस्तर सोडवायला सांगितलं आहे. काही गाड्यांचा अख्खा बंपर उतरवावा लागतो. दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी! मागच्या दिव्यांबद्दल माझी तक्रार नाही. डिकी उघडा, दोन स्क्रू काढा, होल्डर फिरवा. तिथे अजून माणुसकी शिल्लक आहे.

हे मुद्दाम कोणी केलंय असं मी म्हणणार नाही. बसायची जागा ऐसपैस हवी, तर इंजिनाची खोली आक्रसणार. धडक बसली तर पुढचा भाग चुरगळून आतली माणसं वाचायला हवीत, पायी चालणाऱ्याला कमी लागायला हवं, म्हणून बंपर आणि बोनेटखालची रचना बदलली. एसी, पंखे, नळ्या, वायरिंग यांनाही जागा लागतेच. प्रत्येक कारण रास्त आहे. पण या वाटणीत प्रत्येकाचा हिस्सा मागायला कोणीतरी हजर होतं, हाताच्या बाजूने कोणीच नव्हतं. निदान युरोपात तरी कागदावर त्याची बाजू घेतलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला दिव्यांचा जो ४८ क्रमांकाचा नियम आहे, त्यात म्हटलंय की बदलता येणारा बल्ब तज्ज्ञाच्या मदतीशिवाय आणि गाडीबरोबर दिलेल्या हत्यारांपलीकडे खास हत्यारांशिवाय बदलता आला पाहिजे. वाक्य चांगलं आहे. फक्त ज्याचा बल्ब मुळात बदलताच येत नाही, त्या दिव्याला ते लागू होत नाही. आणि एलईडीचे दिवे बहुतेक त्याच जातीचे.

शेवटी मी गेले ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे. पत्र्याची शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची रांग. मालकांनी नुसती हाक मारली आणि एक सडपातळ पोरगा आला. त्याने बोनेटखाली हात घातला आणि मान वळवून रस्त्याकडे बघू लागला. तिकडे रिक्षावाल्यांची कसलीशी बाचाबाची चालली होती, ती तो मन लावून ऐकत होता. आत बोटांचं काम चालूच. बल्ब बाहेर आला.

"दिसत नाही तरी जमतं कसं रे?" मी विचारलं.

"बघितलं की नाही जमत, ताई," तो म्हणाला.

मालक हसले. "त्याचा हात बारीक आहे. माझा जात नाही आता." मग नवा बल्ब फडक्यात धरून पोराकडे देत म्हणाले, "हे काम अजून आहे तोवर आहे. नव्या गाड्या येतात, त्यांचं काय करायचं? अख्खी असेंब्लीच बदला म्हणतात. गिऱ्हाईक किंमत ऐकतं आणि माझ्यावरच चिडतं."

अख्खा दिवाच बदलायचा ही गोष्ट तशी नवी नाही. अमेरिकेत १९४० पासून बराच काळ सील्ड बीमचे दिवे सक्तीचे होते. काच, आरसा, तार सगळं एकत्र बंद. तार तुटली की दिवाच टाकायचा. पण त्याचे आकार ठरलेले असत. गाडी कोणाचीही असो, सात इंची गोल दिवा म्हटलं की कुठल्याही दुकानात मिळायचा. १९८३ मध्ये नियम सैल झाला, फोर्डने त्यासाठी अर्ज केला होता. मग दिव्यांना हवे ते आकार आले आणि बल्ब वेगळा बदलता येऊ लागला. आता एलईडीने बल्ब पुन्हा आत कोंडला, आकार मात्र ज्याचा त्याचा राहिला. म्हणजे दोन्हीकडचं गैरसोयीचं तेवढं आपल्या वाट्याला. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "सात इंची गोल द्या" म्हणण्यासारखं काही उरलं नाही. मॉडेल, साल, व्हेरियंट, डावा की उजवा, सगळं सांगायचं आणि मग वाट बघायची. एलईडी टिकतात खूप, हे मान्य. पण समोरून कोणी ठोकलं तर कॅलेंडर बघून ठोकत नाही.

हल्ली घरात नवी गाडी घ्यायची चर्चा आहे. परवा शोरूममध्ये गेलो तर यांनी मायलेज विचारलं, मुलीने स्क्रीन किती इंची ते विचारलं. मी बोनेट उघडायला सांगितलं आणि बांगड्या वर सारून उजव्या हेडलाइटच्या मागे हात घातला. विक्रीवाला मुलगा सभ्य होता. थोडा वेळ थांबला, मग हळूच म्हणाला, "मॅडम, सनरूफ दाखवू का?"