तुम्ही विचारलंत म्हणून: तारणाची एवढी खात्री कशी?

"आमचं तारण झालंय, असं तुम्ही ख्रिस्ती लोक छातीठोकपणे कसं सांगता? हा अहंकार नाही का?" ऑफिसातले मित्र हे नेहमी विचारतात. (तारण म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका.) प्रश्न रास्त आहे. माझ्या भक्तीच्या जोरावर मी असं बोलत असतो, तर तो अहंकारच ठरला असता. माझी भक्ती रविवारच्या उपासनेनंतर दुपारच्या जेवणापर्यंत टिकली तरी पुष्कळ!

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये १५६३ साली १२९ प्रश्नांची एक धर्मप्रश्नोत्तरी छापली गेली. तिचा पहिलाच प्रश्न: जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं? उत्तराचा गाभा असा, की मी माझा नाही. देहाने नि आत्म्याने मी माझ्या विश्वासू तारणाऱ्याचा, येशू ख्रिस्ताचा आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायातही येशू म्हणतो, माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. भक्ताने देवाला धरायचं की देवाने भक्ताला, या वैष्णव आचार्यांच्या वादातला दाखला तुम्हाला ठाऊक असेल: माकडाचं पिल्लू आईला बिलगून राहतं, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. मी मांजरीच्या पक्षाचा.

माझ्या आत्याला म्हातारपणी स्मृतिभ्रंश झाला. जन्मभर मंडळीत भजनं गायलेली बाई. प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणता 'रोजची भाकर' आली की अडखळायची आणि आम्हालाच विचारायची, "जेवलात का रे?" पुढचं सगळं पुसलं गेलेलं. पुढेपुढे येशूचं नावही आठवेना. तारण तिने घट्ट धरून ठेवायचं असतं, तर ते तिच्या हातून केव्हाच सुटलं असतं. घरात रडारड होती, पण ही धास्ती कुणालाच नव्हती.

तारण देवाच्याच हातात असेल, तर मग तो त्यासाठी काहींना निवडतो नि काहींना नाही, हे कसं? इथे माझी मती चालत नाही. एवढं मात्र दिसतं, की बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ज्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल निवडीबद्दल बोलतो, त्याची सुरुवातच तो आपल्या जातभाईंसाठी वाटणाऱ्या न थांबणाऱ्या दुःखाने करतो. 'तू निवडलेला नाहीस' असं दुसऱ्याला ऐकवायला हा अध्याय वापरणारे मला मुळीच पटत नाहीत.

यावर मित्रांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग कसंही वागलं तरी चालतंय की!" त्या प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांचं विवेचन शेवटच्या भागात येतं, तारणाचं सगळं सांगून झाल्यावर. त्या भागाचा मथळा आहे कृतज्ञता.