फ्लिंटचं 'नाही'

सोमवार, २० नोव्हेंबर २०२३

आज युनायटेड ऑटो वर्कर्स या गाडी कामगारांच्या युनियननं अधिकृतपणे जाहीर केलं, तिन्ही कंपन्यांचे करार मंजूर झाले. फोर्ड, स्टेलांटिस (म्हणजे पूर्वीची क्रायस्लर) आणि जनरल मोटर्स (जीएम) मिळून ६४ टक्के मतं बाजूने पडली. ऑफिसात दिवसभर हाच विषय होता. डेट्रॉइटच्या आसपास ज्याच्या घरातलं कुणीच गाड्यांच्या धंद्यात नाही, असा माणूस शोधूनच काढावा लागतो.

मला मात्र जीएमचा आकडा सोडत नाहीये. तिथे जेमतेम ५५ टक्के. आणि इथल्या मिशिगनमधल्याच फ्लिंट गावच्या असेंब्ली प्लँटनं तर करार नाकारला. १९३६-३७ च्या हिवाळ्यात फ्लिंटमध्ये कामगार ४४ दिवस कारखान्यातच ठिय्या देऊन बसले होते. ही युनियन खऱ्या अर्थानं उभी राहिली ती तिथून. साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ मिळतेय, महागाई भत्ता परत आलाय, आणि त्याच गावात 'नाही'ची मतं जास्त पडतात. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, "या लोकांना कितीही द्या, कमीच." मी तिथे बोलले नाही, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आता इथे लिहितेय.

सुरुवात २००८ पासून करावी लागेल. आम्ही तेव्हा मिशिगनमध्ये नवीन होतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, व्हिसावर. ऑर्डरी आटल्या तसे आठवड्यातले कामाचे दिवस कमी झाले, मग पगार कमी झाला. नोव्हाय, ट्रॉय, कँटन, सगळीकडच्या मराठी घरांत हीच धास्ती होती: नोकरी गेली तर व्हिसाचं काय, घराच्या हप्त्याचं काय. आणि त्या धास्तीत, शनिवारी कुणाकडे जमलो की एक वाक्य हमखास कानावर यायचं, "युनियननं बुडवल्या कंपन्या. बारावी झालेले लोक तासाला ७० डॉलर घेतात!" आपलीच माणसं, शिकलेली, सज्जन. पण हे वाक्य मला तेव्हाही बोचायचं. माझे बाबा पिंपरीत एका कारखान्यात मशीनवर होते. करार झाला की फरक मिळायचा आणि त्या फरकातून आमच्या घरी फ्रीज आला, माझी कॉलेजची फी भरली गेली. कामगार 'जास्त घेतो' हे वाक्य ऐकलं की मला आधी त्यांचे हात आठवतात.

शिवाय ते ७० डॉलर खरे नव्हतेच. जुन्या कामगाराची मजुरी तासाला सुमारे २८ डॉलर होती. ७० चा आकडा यायचा तो असा: मजुरी, ओव्हरटाइम, भरपगारी रजा, आरोग्यविमा, आणि त्यात हजारो निवृत्त कामगारांची पेन्शनं आणि दवाखान्याची बिलं, हा सगळा खर्च एकत्र करून त्याला आज लाइनवर भरलेल्या तासांनी भागायचं. म्हणजे निवृत्त कामगाराच्या हृदयाच्या ऑपरेशनचा खर्चही आज दरवाजा बसवणाऱ्या पोराच्या नावावर. १९७९ मध्ये जीएमचे अमेरिकेत सहा लाखांवर कर्मचारी होते. २००८ पर्यंत युनियनचे कामगार लाखाच्या पुष्कळ आत आले आणि निवृत्तांची संख्या त्यांच्या कितीतरी पुढे गेली. भाजक लहान होत गेला की भागाकार मोठाच येणार. कंपनी जितकी माणसं कमी करत गेली, तितका उरलेला कामगार कागदावर महाग दिसत गेला. मी हिशेबाच्या क्षेत्रातली आहे. असा आकडा कुणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी आधी विचारलं असतं, यात काय काय मिळवलंय? देशभर तो आकडा वापरला गेला आणि हा प्रश्न फार कमी जणांनी विचारला.

ऑक्टोबर २००८ मध्ये वित्तसंस्था वाचवायला ७०० अब्ज डॉलर मंजूर झाले. बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला तासाला किती मिळतात, अशी विचारणा त्या वेळी झाली नाही. नोव्हेंबरात तिन्ही गाडी कंपन्यांचे प्रमुख मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तेही खासगी विमानांनी. त्यावर टीका झाली ती योग्यच होती. पण ११ डिसेंबरच्या रात्री सिनेटमध्ये मदतीचं विधेयक अडलं ते त्या विमानांवर नाही. ते अडलं कामगारांच्या मोबदल्यावर. अमेरिकेत परदेशी कंपन्यांचे जे प्लँट आहेत, त्यांच्या पातळीला हा मोबदला कधी आणायचा याची तारीख सिनेटरांना हवी होती, आणि ती २००९ मधलीच हवी होती. युनियन म्हणत होती २०११, चालू करार संपेल तेव्हा. तेवढ्यावर बोलणी फिसकटली. शेवटी १९ डिसेंबरला अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठीच्या निधीतूनच १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं.

मार्च २००९ मधली ती बातमी अजून माझ्या डोक्यात आहे. सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीनं ज्या विभागानं तिला बुडवलं त्यातल्याच लोकांना १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले. लोक खवळले, तेव्हा सरकारी बाजूनं उत्तर आलं की हे करार आधीच झालेले आहेत, ते असे मोडता येत नाहीत, हा कायद्याचा देश आहे. आणि त्याच महिन्यांत डेट्रॉइटच्या कामगारांचा सह्या झालेला करार उघडून पुन्हा लिहिला जात होता! महागाई भत्ता, जो या कामगारांना जीएमच्या १९४८ च्या करारापासून मिळत आला होता, तो स्थगित झाला. काम नसलेल्या काळात पगार चालू ठेवणारी जॉब्ज बँक बंद झाली. २०१५ पर्यंत पगारासाठी संप करायचा नाही, हेही मान्य करावं लागलं. निवृत्तांच्या आरोग्यनिधीला कंपनी जी रोख रक्कम देणं लागत होती, तिच्या मोठ्या हिश्शाऐवजी शेअर दिले गेले. एका ठिकाणी करार पवित्र आणि दुसऱ्या ठिकाणी अडथळा. याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पण या सगळ्यातली मला सर्वांत लागलेली गोष्ट वेगळी आहे. २००७ च्या करारातच नव्या माणसांसाठी वेगळी पायरी आणली होती. जुना कामगार २८ डॉलरवर, नवा साधारण १४ वर. नव्याला जुन्यासारखी पेन्शन नाही, निवृत्तीनंतरचा आरोग्यविमा नाही. मंदी आणि बेलआउटनं, म्हणजे कंपन्या वाचवायला दिलेल्या त्या सरकारी मदतीनं, ही पायरी पक्की केली. जे त्या वेळी कामावर नव्हतेच, शाळेत होते, ज्यांना मत देण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या नावावर या बचावाचं बिल फाडलं गेलं.

हे मला आकड्यांतून दिसलं ते आयकराच्या मोसमात. कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं मोफत भरून द्यायचा एक स्वयंसेवी कार्यक्रम इथे असतो, त्यात मी जाते. २०१२ च्या सुरुवातीला मॅकोम्ब काउंटीतल्या एका लायब्ररीत एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. दोघं एकाच प्लँटमध्ये, एकाच पाळीत. वडिलांचे कागद नुसते बरोबर आणलेले, मुलाला फॉर्म समजावून सांगायला. दोन डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचे दाखले, माझ्यासमोर शेजारी शेजारी होते. मुलाच्या कागदावरची रक्कम वडिलांच्या निम्म्याच्या जरा वर. काम तेच. त्याच गाड्या, तोच वेग. मुलाला बायको आणि दोन लेकरं. तासाला सोळाएक डॉलरनं वर्षभर पूर्ण काम केलं तर साधारण ३३ हजार होतात, आणि त्या उत्पन्नावर चौघांचं कुटुंब तेव्हा शाळेत सवलतीच्या दरातल्या जेवणाला पात्र ठरत होतं. कमी कमावणाऱ्या कुटुंबांना सरकार करपरताव्यातून जी भर देतं, तीही त्याला लागू होत होती. मी रकमा भरल्या आणि परतावा सांगितला. मुलगा खूश झाला. वडील खिडकीकडे बघत काहीतरी बोलले, त्यांच्या बोलण्याचा भाव एवढाच होता: त्याला मी शिकवलंय, तो माझ्यापेक्षा वेगानं काम करतो.

त्या रात्री मी घरी येऊन नवऱ्याशी बराच वेळ बोलत होते. करदात्यानं आधी कंपनी वाचवली. मग कंपनीनं मजुरी खाली आणली. मग त्या मजुरीत घर चालत नाही म्हणून करदात्यानंच पुन्हा भर घातली. आणि एवढं होऊनही चर्चा 'कामगारांना वाचवलं' अशीच.

बेलआउट चुकीचं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. २००९ मध्ये मिशिगनची बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेली होती, आणि तीही क्रायस्लर आणि जीएम या दोन कंपन्या उभ्या ठेवून. ३० एप्रिलला क्रायस्लर आणि १ जूनला जीएम दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा सरकारी पैसा पाठीशी नसता तर त्या तशाच विकून मोडीत निघाल्या असत्या. मग त्यांचे पुरवठादार, आणि त्याच पुरवठादारांवर चालणारी फोर्डसुद्धा. आमचं घरही त्यात गेलं असतं. जीएममध्ये सरकारनं ४९.५ अब्ज डॉलर घातले, शेवटचे शेअर डिसेंबर २०१३ मध्ये विकले, आणि १० अब्जांहून जास्त रक्कम परत आली नाही. मला तो तोटा जड वाटत नाही. लाखो घरांच्या चुली त्यावर चालू राहिल्या. माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनी सावरल्यावर, नफा परत आल्यावर, ज्यांनी सोडलं त्यांना ते परत द्यायला हवं होतं. ते आपणहून कुणी दिलं नाही. २०१९ मध्ये जीएमच्या कामगारांनी ४० दिवस संप केला, आणि या वर्षी १५ सप्टेंबरपासून दीड महिना पुन्हा संप करावा लागला. जीएमच्या प्रमुख मेरी बारा यांचा २०२२ चा मोबदला सुमारे २.९ कोटी डॉलर होता, त्यासाठी मात्र कुणाला थंडीत गेटवर उभं राहावं लागलं नाही.

आता त्या २५ टक्क्यांबद्दल. २००८ मध्ये वरच्या पायरीची मजुरी २८ डॉलर. संपाआधी ती ३२ च्या आसपास. या पंधरा वर्षांत इथली महागाई ४० टक्क्यांहून जास्त वाढली, म्हणजे तेव्हाच्या २८ डॉलरची किंमत टिकवायलाच आज ३९-४० डॉलर लागतात. नव्या करारानं महागाई भत्ता धरून २०२८ पर्यंत ४२ डॉलरच्या आसपास पोचता येईल असं सांगताहेत. तोवर महागाईही पुढे गेलेली असणार. ज्याला टीव्हीवर 'ऐतिहासिक वाढ' म्हणतात, ती जुन्या कामगाराच्या दृष्टीनं बऱ्याच अंशी गमावलेलं परत मिळणं आहे. नव्यांना खरोखर पुष्कळ मिळालं: वरच्या पायरीला पोचायला आठ वर्षं लागायची, आता तीन, तात्पुरत्यांना कायम होण्याची वाट मोकळी झाली. त्या लायब्ररीतल्या मुलासारख्यांसाठी मला मनापासून आनंद झाला. पण २००७ नंतर लागलेल्यांना पेन्शन नाही ती नाहीच, आणि ज्यांना आहे त्यांचीही फारशी हलली नाही. तीस वर्षं लाइनवर गुडघे झिजवलेला माणूस निवृत्तीच्या तोंडावर मत देताना साडेचार वर्षांनंतरचा पगार बघत नाही, तो पेन्शन बघतो. फ्लिंटचं 'नाही' मला हावरटपणाचं वाटत नाही.

संध्याकाळी बहिणीशी फोनवर बोलणं झालं, ती चिंचवडला असते. तिला हे सांगत होते तर ती म्हणाली, "ताई, मग यात नवीन काय? आपल्याकडे एका लाइनवर कायम, कंत्राटी आणि ट्रेनी तिघं उभे असतात." खरंच आहे. चाकणला संध्याकाळी कंपन्यांच्या बस सुटताना पाहावं, कोण कोणत्या गणवेशात आहे त्यावरून पगार ओळखता येतो. आणि त्यांच्यासाठी बेलआउट वगैरे काही नसतं. जीएमचाच तळेगावचा प्लँट २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. एका चिनी कंपनीला तो विकायचा करार झाला होता, तो बारगळला. हजारावर कामगार नोकरी गमावून न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. या ऑगस्टमध्ये ह्युंदाईनं तो प्लँट घ्यायच्या करारावर सही केली. जागा, इमारती, मशीन, सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं. वॉशिंग्टनमध्ये निदान कामगारांच्या मजुरीवर रात्रभर भांडण तरी झालं होतं.

झोपायच्या आधी एक काम उरकायचं आहे. करार मंजूर झाल्याचा ५,००० डॉलर बोनस आता लोकांच्या हातात येईल, आणि जानेवारीअखेर आमचा करभरणीचा मोसम सुरू होईल. दोन मुलांच्या आणि कमी पगाराच्या कामगाराला हे आधी कळायला हवं की त्या बोनसवर कर तर कापला जाईलच, पण उत्पन्न वाढल्यामुळे परताव्यातली सरकारी भरही हजारेक डॉलरनं घटू शकते. मागच्या वर्षीइतकाच परतावा येईल असं धरून कुणी गाडीची दुरुस्ती किंवा भाड्याची थकबाकी त्यावर ठरवू नये. आमच्या गटासाठी याची एक पानाची सोपी सूचना लिहून ठेवतेय. थँक्सगिव्हिंगच्या आधी ती युनियनच्या स्थानिक कार्यालयांत पोचवायची आहे.