केळीच्या चेंबरमध्ये मोजलेले तीन तुकडे

७ मे २०२५. सकाळी सव्वाआठला शॉपमध्ये शिरलो तर एकही मशीन चालू नव्हतं. रात्रपाळी घरी गेली नव्हती, दिवसपाळी कामाला लागली नव्हती, सगळे एकाच मोबाइलभोवती. मध्यरात्रीनंतर ऑपरेशन सिंदूर झालं होतं आणि चॅनेलवरचा निवेदक असा ओरडत होता, जणू विमान तोच चालवून आला. मीही दहा मिनिटं थांबलो. मग माझ्या खोलीचं दार उघडलं आणि गरम वाफ अंगावर आली.

ती खोली म्हणजे आमची मापनाची खोली. जळगाव एमआयडीसीत चटईवाले, पाइपवाले, डाळ मिलवाले भरपूर. विमानाचे भाग करणारे आम्ही थोडके, आणि तेही शेवटच्या पायरीवरचे. मोठा कारखाना एका कंपनीला काम देतो, ती दुसरीला, दुसरी आम्हाला. आमच्या हाती येतं ते एक ड्रॉइंग, त्यावर एक नंबर आणि प्रमाणपत्रासह अॅल्युमिनियमच्या प्लेटी. भाग कुठल्या विमानात बसतो ते कोणी सांगत नाही, आम्ही विचारत नाही. बायकोने विचारलं की मी नुसतं ‘ब्रॅकेट’ म्हणतो. तिला वाटतं पडद्याचे.

तेव्हा चालू असलेला जॉब म्हणजे ७०७५ ग्रेडच्या अॅल्युमिनियमची सव्वाचारशे मिलिमीटर लांब पट्टी. आतून खिसे कोरून इतकी हलकी करायची की तीन किलोच्या प्लेटीतून जेमतेम चारशे ग्रॅम उरतात, बाकी चुरा. रात्रपाळीचे नाना नवीन असताना तो चुऱ्याचा ढीग बघून म्हणाले होते, “भाऊ, हाई सोनं शे का काय?” दोन टोकांना ८ मिलिमीटरची दोन छिद्रं. त्यांच्या केंद्रांमधलं अंतर ४०० मिलिमीटर, सूट अधिक-उणे ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो.

आता हे ४०० मिलिमीटर कधीचे? जानेवारीतले की मे महिन्यातले? हा प्रश्न बाहेरच्या माणसाला विनोदी वाटतो. मला नाही वाटत, कारण वडील भुसावळला रेल्वेत गँगमन होते आणि उन्हाळ्यात रूळ वाढतो म्हणून सांध्यात फट ठेवतात, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय. जगभर ठरलेलं आहे की लांबी मोजायची ती २० अंश सेल्सिअसला. जळगावात मे महिन्यात वीस अंश फक्त सोन्याच्या पेढीत मिळतात. म्हणून आमच्या खोलीला दोन टनांचा एसी, जाड दार आणि भिंतीवर तापमान नोंदवणारं यंत्र. जॉब आदल्या संध्याकाळी आत आणून ठेवायचा, रात्रभर थंड होऊ द्यायचा, मग सीएमएमवर, म्हणजे मापं घेणाऱ्या यंत्रावर, घ्यायचा.

आदल्या दिवशी, ६ तारखेला, दुपारी एसीचा कॉम्प्रेसर गेला. मेकॅनिक म्हणाला शुक्रवारी येतो. मे महिन्यात जळगावात एसी मेकॅनिकला भेटण्यापेक्षा आमदाराला भेटणं सोपं. मी बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहून गेलो, ‘मापन बंद’. आणि सकाळी टेबलावर चोवीस रिपोर्ट रांगेत ठेवलेले. चोवीसच्या चोवीस पास. आकडेही देखणे, ४००.०० च्या दोन्ही बाजूंना दहा मायक्रॉनच्या आत. इतका सुंदर लॉट माझ्या अकरा वर्षांत निघाला नव्हता.

नानांना विचारलं तर म्हणाले, शेठनी रात्री फोन केला, गाडी उद्या जायची आहे, मोजून टाका. भिंतीवरच्या यंत्रात रात्रीची नोंद होती ३४ अंश.

इथली मेख सांगायला मला नेहमी वेळ लागतो. रात्री तापलेल्या मशीनवर तापलेला जॉब कापला गेला आणि तापलेल्याच खोलीत तापलेल्या सीएमएमवर मोजला गेला. तिघांचं एकमत होणारच. पण मशीन आणि मोजपट्टी लोखंड-पोलादाच्या जातीची, जॉब अॅल्युमिनियमचा. अॅल्युमिनियम उष्णतेनं पोलादाच्या दुपटीनं वाढतं. ४०० मिलिमीटरवर दर अंशाला या दोघांत जवळपास पाच मायक्रॉनचा फरक पडतो. चौदा अंश म्हणजे पासष्ट-सत्तर मायक्रॉन. म्हणजे आज ४००.०० दिसणारा तुकडा वीस अंशांवर ३९९.९३ होणार. सूट संपते ३९९.९५ ला. सीएमएममध्ये तापमानाची दुरुस्ती करायची सोय असते, पण तो जादा पॅकेजचा भाग. आमच्या मशीनला घेतलेला नाही. रंगीत प्रिंटर मात्र घेतला.

शेठ दहाला आले. माझं ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, “देश युद्धात आहे भाऊ, आणि तू एसीपायी अडून बसलास?” वर म्हणाले, पुढची पार्टी रोज फोन करतेय, त्यांनाही वरून रोज फोन.

हे खरंच होतं. हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२, आणि हाताशी असलेल्या त्याहून कितीतरी कमी. १९६३ पासून असलेलं मिग-२१ निघायच्या तयारीत. त्याची जागा घ्यायची ती तेजसनं. ८३ तेजस मार्क-१एचा करार २०२१ च्या फेब्रुवारीत झाला, आणि विमानं यायला लागायची होती २०२४ मध्ये. अमेरिकेहून येणारी इंजिनंच रखडली. त्यातलं पहिलं २०२५ च्या मार्चमध्ये आलं. तिकडे चीननं डिसेंबर २०२४ मध्ये शेपटी नसलेली दोन नवी विमानं भरदिवसा उडवून दाखवली आणि पाकिस्तानकडे चिनी जे-१०सी आधीच आलेली. सगळ्यांना घाई, आणि घाई बरोबरच आहे. फक्त ती वरून खाली गडगडत येते आणि जळगावात माझ्या टेबलावर येऊन थांबते, कारण माझ्याखाली ढकलायला कोणी नाही.

शेठ म्हणाले, सिद्ध कर. वीस अंश आणायचे कुठून? आणि तेव्हा मला सावद्याचा मावसभाऊ आठवला. त्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे. तिथे बारा महिने सोळा ते अठरा अंश.

तीन तुकडे उचलले, ड्रॉइंग जागेवरच ठेवलं. ८ मिलिमीटरच्या सहा डॉवेल पिना (छिद्रांत घट्ट बसणाऱ्या गोल पिना), ४०० ते ४२५ चा मोठा मायक्रोमीटर, तो शून्यावर लावायचा सेटिंग रॉड, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. चेंबरमध्ये ओल इतकी की उघडं ठेवलं तर मायक्रोमीटर सकाळी गंजलेला मिळेल. मावसभाऊ बघतच राहिला. म्हणाला, “एवढ्यासाठी दादा तू इथवर आलास? आमचं केळं आम्ही नखानं दाबून बघतो.” मी म्हटलं, तुझं केळं उडत नाही.

रात्रभर तुकडे क्रेटच्या मधल्या रांगेत पडून होते. आठ तारखेला पहाटे स्वेटर घालून आत गेलो. केळ्यांचा वास, पंख्यांची घरघर. हातमोजे घातले, कारण उघड्या हातात धरलेला तुकडा दोन मिनिटांत चार मायक्रॉन खोटं बोलायला लागतो. छिद्रांत पिना बसवल्या, पिनांच्या बाहेरून माप घेतलं. बरोबर असेल तर ४०८.०० यायला हवं. आलं ४०७.९३. दुसरा ४०७.९२. तिसरा ४०७.९४. चेंबर अठराला होतं, म्हणून दहा मायक्रॉन मिळवले. तरी तिसरा जेमतेम सीमारेषेवर, पहिले दोन बाद. रॉड लावून मायक्रोमीटर पुन्हा शून्यावर आणला, परत मोजलं. तेच. त्या थंडीत मला घाम आला नाही म्हणून, नाहीतर आला असता.

खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. माझं गणित बरोबर निघालं होतं. फटफटी घेऊन परत येताना फैजपूरला चहा प्यायलो आणि शेठना काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होतो.

चहा संपता संपता एप्रिलचा लॉट आठवला.

एप्रिलमध्ये तीस तुकडे गेले होते. त्यातल्या काही दिवसांत भिंतीवरच्या यंत्राची बॅटरी उतरली होती. नऊ दिवस. एसी चालू होता, पण एप्रिलमध्ये वीज दोनदा चार-चार तास गेली होती, आणि खोली तेव्हा कुठवर तापली होती त्याची नोंद नाही. बॅटरी आणायला सांगतो म्हणत मी विसरलो होतो. रिपोर्टवर ‘तापमान २० अंश’ हे छापूनच येतं. खाली सही माझी.

मेचा लॉट थांबवणं सोपं होतं, चूक दुसऱ्याची होती. शेठना दोन्ही एकदमच सांगितलं. त्यांनी पहिल्याला मान डोलावली. दुसऱ्यावर बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “हे कुणी विचारलंय का तुला?” कुणीच विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोरच मेल लिहिला. त्यांनी अडवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. मेलमध्ये केळ्याचं चेंबर मात्र ‘नियंत्रित तापमानाची जागा’ झालं. तुकडे असे शॉपबाहेर नेणं हेही नियमात बसत नाही, ते मी लिहिलं नाही.

शुक्रवारी मेकॅनिक आला. वीस अंशांवर मेचे सतरा तुकडे बाद निघाले. छिद्रांचं अंतर कमी पडलं की दुरुस्ती नाही, धातू ताणता येत नाही. एप्रिलचे तीस नशिबानं पुढच्या पार्टीच्या स्टोअरमध्येच होते, ते परत आले. त्यातले चार बाद, दहा-पंधरा मायक्रॉननं. तिथल्या इंजिनिअरनं मला फोनवर सहज सांगितलं की एवढं कदाचित सवलतीत चालून गेलं असतं, शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालून बसवता येतं. हे वाक्य ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

आमचं काम साडेतीन महिने थांबवलं. कागदं, ऑडिट, परत कागदं. मे अखेरीस हवाई दलप्रमुख जाहीरपणे बोलले की आपला संरक्षणाचा एकही प्रकल्प वेळेवर पूर्ण झाल्याचं आठवत नाही. ती बातमी ग्रुपवर आली आणि सगळ्यांनी अंगठे दिले. मी दिला नाही. उशीर करणाऱ्यांत साडेतीन महिने माझेही होते. बर, म्हणजे कापलेल्या कडेवरची कुसं, काढणारी दोन पोरं जूनमध्ये कमी केली. एक आता मोबाइलच्या दुकानात आहे. दिसला की ‘काय भाऊ’ म्हणतो, नीट हसतो, आणि मीच घाईत असल्यासारखं करतो.

बाद तुकडा नुसता फेकत नाहीत. लाल रंग लावायचा आणि करवतीनं मधून कापायचा, म्हणजे चुकूनही पुन्हा साखळीत जाऊ नये. सतरा नानांनी कापले. एप्रिलचे चार मी. ७०७५ करवतीखाली कुरकुर न करता कापलं जातं. आतली ताजी कड आरशासारखी दिसते. तीस तासांचं मशीनकाम चार मिनिटांत भंगार.

२६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, आणि स्क्वाड्रन २९ वर आल्या. १७ ऑक्टोबरला इकडे ओझरला तेजसची नवी लाइन सुरू झाली आणि तिथं बनलेलं पहिलं मार्क-१ए उडालं, त्याच ओझरला जिथे कधीकाळी मिग-२१ बनायचं. पुन्हा सगळे नानांच्या मोबाइलभोवती. विमानाला पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी चालू होती.

नानांनी चित्र दोन बोटांनी मोठं केलं. पंख, पोट, चाकाची झाकणं. “आपला जॉब यात शे का, भाऊ?”

“माहीत नाही.”

“दिसाव नही का?”

“दिसणार नाही नाना. असला तरी आत असेल.”

त्यांनी आणखी मोठं केलं, चित्राचे चौकोन चौकोन झाले. मी खोलीत गेलो. भिंतीवर २०.३ होतं. नवीन बॅटरी जुलैत घातली आहे, तिची तारीख मी यंत्राच्या मागे पेननं लिहून ठेवली आहे.