गोदामातला किंग डे

जानेवारीतला तिसरा सोमवार हा मार्टिन लूथर किंग डे. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून हा सेवेचा दिवस ठरवला. त्या दिवशी कॉलेजं बंद असतात आणि आमच्या फूड बँकेचं, म्हणजे देणगीतलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेचं, गोदाम स्वयंसेवकांनी भरून जातं. यंदा दिवसभराची पाळी जवळच्या विद्यापीठातल्या एका सोरोरिटीने घेतली होती. माझ्या कामाच्या जागी मी पाहिलेल्या सगळ्यांत नेटक्या दिवसांपैकी तो एक. असं का झालं, ते सविस्तर लिहिण्यासारखं आहे.

सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं घेतलेल्या विद्यार्थिनींच्या संघटना. आपल्याकडे त्या माहीत असल्याच तर सिनेमातल्या पार्ट्यांमुळे. सेवेची बाजू फारशी दिसत नाही, आणि तीच मोठी आहे. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरोरिटी, अल्फा कप्पा अल्फा, १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. १९३५ पासून तिच्या सभासदांनी अनेक उन्हाळे मिसिसिपीच्या ग्रामीण भागात आरोग्यसेवा दिली. मळेमालक आपल्या कुळांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात, तेव्हा या बायकांनी मोटारींत सामान भरून दवाखानाच मळ्यांवर नेला आणि मुलांना लसी टोचल्या. १९९८ मध्ये टेक्सासात दक्षिण आशियाई मुलींच्याही सोरोरिटी सुरू झाल्या.

यंदाच्या मुलींच्या सेवाप्रमुखाने डबे गोळा करायच्या आधीच, नोव्हेंबरात, आम्हाला विचारलं होतं, “तुमच्याकडे कमी काय पडतं?” हा प्रश्न फार कमी गट विचारतात. मग घराघरांतल्या फडताळांत मागे पडलेले मका आणि फरसबीचे डबे आमच्याकडे येतात, आणि ते आमच्याकडे आधीच रग्गड असतात. आम्ही सांगितलं: पीनट बटर, ट्यूना, लहान मुलांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड. सरकारी अन्नसाहाय्याच्या, म्हणजे स्नॅपच्या, कार्डावर पॅड, डायपर, साबण यांतलं काहीच विकत घेता येत नाही. ज्या घरात पैसे कमी, तिथे ही खरेदी आधी थांबते. मुलींनी वसतिगृहांत पॅडसाठी खोकी ठेवली, आणि वर रोख रक्कमही आणली. रोख पैशाचं मोल मी नेहमी आग्रहाने सांगते. दुकानातल्या किमतीत जेवढं येतं, त्याहून कितीतरी जास्त माल आम्ही घाऊक भावात ट्रकभर उचलतो.

सकाळी आधी निवड. डबा हातात घेतला की कडेवरून बोट फिरवायचं. पोटाला उथळ पोचा असेल तर चालतो. वरच्या किंवा खालच्या कडेला, किंवा उभ्या सांध्यावर पोचा असेल तर डबा बाद, कारण तिथलं सील सैल झालं की जंतू आत शिरतात. फुगलेला डबा उघडून बघायचा नाही, वास घ्यायचा नाही. बॉट्युलिझमचं, म्हणजे बंद डब्यात वाढणाऱ्या जंतूंचं, विष थोडंसंही जीवघेणं असतं. त्या दिवशी टोमॅटोचा असा एक डबा निघाला. मुलीने हात वर केला, डबा पिशवीत बांधून बाजूला गेला, टेबल पुसलं आणि काम पुढे सुरू झालं.

तारखांवर सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. ‘बेस्ट बाय’ ही चवीची तारीख आहे. ती उलटलेला धडधाकट डबा खाता येतो. तान्ह्या बाळांचं फॉर्म्युला दूध मात्र तारीख उलटली की फेकायचं, तिथे सवलत नाही. घरी भरलेल्या, लेबल नसलेल्या पुड्याही घेता येत नाहीत, कारण आत काय आहे आणि कुणाला कशाची ॲलर्जी होईल हे कळत नाही. महाराष्ट्र मंडळांतून देणगी आणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. दुकानातून आलेली बंद तांदळाची पिशवी किंवा छोल्यांचे डबे आम्हाला हवेच असतात, पण मोठ्या पोत्यातून वाटून भरलेली तूरडाळ, ती कितीही चांगली असली तरी, परत करावी लागते.

दुपारी शनिवार-रविवारच्या पिशव्या. शाळेत मोफत जेवणारी मुलं सुट्टीचे दोन दिवस उपाशी राहू नयेत म्हणून शुक्रवारी त्यांच्या दप्तरात ही पिशवी जाते. दोन ओटमीलची पाकिटं, दोन फळांच्या वाट्या, फ्रिजबाहेर टिकणारं दूध, मॅकरोनीच्या दोन वाट्या, एक ग्रॅनोला बार. प्रत्येक झाकण हाताने उघडणारं हवं. घरी मोठं माणूस कामावर असेल आणि डबा उघडायचं ओपनर सापडलं नाही, तर सात वर्षांच्या मुलाला तो डबा निरुपयोगी. ॲलर्जीच्या भीतीने या पिशव्यांत शेंगदाणा पूर्ण वर्ज्य. वजन मुलाच्या पाठीला झेपेल इतकंच.

टेबलं इंग्रजी यू अक्षरासारखी मांडतो. एका जागी एकच वस्तू, आणि पिशवी पुढे सरकते. जड वस्तू आधी, नाहीतर दुधाचं खोकं वरून आपटून फळांची वाटी फुटते आणि चिकट रस वह्यांवर जातो. रांग नेहमी शेवटी तुंबते, कारण गाठ मारायला वेळ लागतो. म्हणून तिथे दोघी उभ्या केल्या. त्याआधी वजनकाटा. पूर्ण पिशवीचं वजन ठरलेलं असतं. काटा कमी दाखवत असेल तर काहीतरी राहिलं आहे, जास्त दाखवत असेल तर दोनदा पडलं आहे. गप्पा रंगल्या की चुका वाढतात, हे काट्यावर लगेच दिसतं. त्या सेवाप्रमुखाने ते पाहून दर अर्ध्या तासाने जागा बदलायला लावल्या. डोळे ताजे राहतात.

निघताना त्यांना सेवेच्या तासांच्या कागदावर सही हवी होती. सोरोरिटीच्या बहुतेक चॅप्टर, म्हणजे विद्यापीठांतल्या शाखा, प्रत्येक सभासदाच्या तासांची नोंद ठेवतात. सही करताना मी भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. नोव्हेंबर-डिसेंबरात इतके लोक येतात की काहींना परत पाठवावं लागतं. फेब्रुवारीत मात्र रांग चालवायला माणसं पुरत नाहीत, आणि पिशव्या तर दर शुक्रवारी जातात. चौघींनी फोन काढून तासिका पाहिल्या आणि फेब्रुवारी ते एप्रिल, दर गुरुवारी दुपारी दोन ते चार, अशी सहा-सहा जणींच्या आळीपाळीची नावं तिथेच लिहून दिली.