वेड्या बाभळी आणि २२ गुंठे

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेच्या मागे गायरानाचा २२ गुंठ्यांचा एक तुकडा आहे. मी त्या शाळेत शिकत होतो तेव्हापासून तिथे वेड्या बाभळी माजलेल्या होत्या, एका कडेला उकिरडे होते, दुसऱ्या कडेला पडक्या माळवदांच्या (मातीच्या सपाट छपरांच्या घरांच्या) पांढऱ्या मातीचे ढीग होते आणि मधोमध वापरातून गेलेला एक आड होता. गेल्या दोन वर्षांत आम्ही पंधरा-वीस जणांनी तिथे गावाची बाग केली. आता कोणाकडे पाहुणे आले की त्यांना ती दाखवायला नेतात आणि पाहुणेही ‘ओसाड जागेचे नंदनवन केलेत’ असे म्हणून जातात. मला हे वाक्य अलीकडे खटकते. ती जागा ओसाड नव्हती, हे आम्हाला काम निम्म्यावर आल्यानंतर कळले, आणि ज्यांनी ते सांगितले त्यांना आम्ही आधी काही विचारलेलेच नव्हते.

वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. आपल्या गावरान बाभळीशी तिचे नाते नावापुरतेच आहे. शेळ्या तिच्या शेंगा आवडीने खातात, पाल्याला मात्र तोंड लावत नाहीत. शेंगांतले बी लेंड्यांतून जिथे पडेल तिथे उगवते, त्यामुळे शेळ्या जितक्या चरतील तितकी ती पसरत जाते. पहिल्या हिवाळ्यात आम्ही कुऱ्हाडीने जमिनीसरशी तोड केली आणि जागा मोकळी झाली म्हणून फोटोही काढले. सव्वा महिन्यात एकेका बुंध्यातून आठ-दहा धुमारे वर आले. मग प्रत्येक बुंध्याभोवती हात-दीड हात खोल खणून मुळाचा फुगीर गड्डा बाहेर काढावा लागला, आणि या कामात आमच्यातल्या निम्म्या जणांच्या चपलांतून काटे आरपार गेले.

खणणे चालू असतानाच वस्तीवरच्या पाच-सहा बायका येऊन बांधावर उभ्या राहिल्या. त्यांतल्या वयाने मोठ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, “लेकरांनो, तुमची बाग हुईल, पण आमची चूल कशावर पेटायची?” आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. गॅसची टाकी त्यांच्याही घरी होती. ती भरून आणण्याइतके पैसे दर महिन्याला हाताशी नसत, म्हणून सरपण इथूनच जात होते. ज्यांना स्वतःचे शेत नाही अशा चार-पाच घरांच्या शेळ्या इथेच चरत होत्या. आम्ही ज्याला घाण समजून साफ करत होतो ते कोणाच्या तरी घरचे जळण होते. आमच्या गटातल्या बहुतेकांच्या शेतात तुराट्यांची आणि कापसाच्या पऱ्हाट्यांची गंजी रचलेली असते, त्यामुळे सरपणाचा प्रश्न आम्हाला सुचलाच नाही, हे इथे मोकळेपणाने लिहिलेले बरे.

गायरानाचा इतिहास माहीत असता तर ही चूक कदाचित टळली असती. १९५९ आणि १९६४ साली रिपब्लिकन पक्षाचे नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते पडीक सरकारी जमिनींसाठीच. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत गायरान कसणारी कुटुंबे अजूनही सातबाऱ्यावर नाव लागण्याची वाट पाहत आहेत. दुसऱ्या बाजूने, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवावीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिलेला आहे. या दोन टोकांच्या मध्ये हौसेने कुदळ घेऊन उतरणाऱ्याने आधी चावडीवर बसून सगळ्यांचे ऐकून घ्यायला हवे. आम्ही कागदपत्रांची काळजी घेतली होती: ग्रामसभेचा ठराव झाला, दसऱ्याच्या सुमारास प्रस्ताव तालुक्याला गेला आणि परवानगीचा कागद मे महिन्यात हाती आला. माणसांची काळजी मात्र त्या बायका बांधावर येईपर्यंत राहून गेली होती.

त्यानंतर आराखडा बदलला. तोडलेल्या लाकडाच्या मोळ्या बांधून वस्तीवर पोहोचवल्या, उत्तरेकडचे सहा गुंठे चारा आणि जळण यांसाठी वेगळे काढले आणि तिथे शेवरी, हादगा व सुबाभूळ लावली. शेळ्यांना आत सोडायचे नाही; पाला कापून न्यायचा, आणि तो कोणी व कोणत्या दिवशी न्यायचा हे त्या बायकांनीच ठरवले. आमच्या बैठकांत ज्या गोष्टीवर तासन्‌तास वाद झाला असता ती त्यांनी चहा होईपर्यंत मिटवली.

पाण्याचे गणित याहून अवघड निघाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या जिल्ह्यात राहून बागेला पाईप लावून पाणी सोडणे मनाला पटत नाही. आडातला गाळ पंधरा दिवस बादल्यांनी उपसला, तेव्हा त्याला पाणी लागले, पण ते फेब्रुवारीपर्यंतच पुरते. म्हणून रोपांजवळ गळ्यापर्यंत मडकी पुरली. कमी भाजलेले मडके हळूहळू पाझरते, आणि चार दिवसांतून एकदा भरले तरी मुळांपाशी ओल राहते. पहिल्या वर्षी ६० मडकी पुरली आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांतली २३ फुटली. आमची जमीन भारी काळी. ती पावसात फुगते, उन्हात आकसून तिला हातभर भेगा पडतात आणि या ओढाताणीत मडक्याचा निभाव लागत नाही. यावर उपाय गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने सांगितला. मडक्याभोवती चार बोटे पांढरी माती भरायची, कारण ती काळ्या मातीसारखी फुगत नाही; याच मातीने एके काळी माळवदांची छते राखली होती. पडक्या घरांचे ढीग आयते कडेलाच होते. दुसऱ्या वर्षी चारच मडकी फुटली आणि त्यांतली दोन तर क्रिकेटच्या चेंडूने.

आता बागेत शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि सीताफळ आहे. पावसाळ्यात अंबाडी, दोडका आणि चवळी, थंडीत मेथी, शेपू आणि चुका यांचे वाफे असतात. तांदुळजा आणि घोळ न लावताच येतात. ते उपटायचे नाहीत, असे मावशींनी आम्हाला बजावून ठेवले आहे. भाजी विकायची नाही, ज्याला लागेल त्याने घरापुरती न्यावी, एवढाच नियम आहे. तो नेहमीच पाळला जातो असे नाही. गेल्या श्रावणात शेवग्याच्या शेंगा एका रात्रीत उतरवल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात त्या कोणी विकल्या हे गावात सर्वांना ठाऊक होते. काही जणांनी कुंपण घालून कुलूप लावण्याचा आग्रह धरला. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर बैठक दोन तास चालली, आणि शेवटी कुलपासाठी जमवलेल्या पैशांतून कुंभाराला आणखी ३० मडक्यांची ऑर्डर दिली.