कासवांची माहिती इंग्रजीत लिहिताना सर्वनामांशी पडलेली गाठ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वेळासला समुद्रकिनाऱ्यावर कासवं बघायला येणारी माणसं बहुतेक पुण्या-मुंबईची. त्यामुळे माहिती मराठीत सांगितली की भागायचं. हळूहळू बंगळूर, हैदराबाद, दिल्लीकडचे पाहुणे यायला लागले, अधूनमधून परदेशातलेही. पिल्लं निघायच्या दिवसांत पहाटे सगळे किनाऱ्याकडे निघतात आणि वाटेतच प्रश्न सुरू होतात. म्हणून आमच्या घरी उतरणाऱ्यांसाठी इंग्रजीत दोन पानं लिहून ठेवायचं ठरवलं. मी मराठी माध्यमात शिकलेली, पुतणी दापोलीला कॉलेजात जाते. रात्री जेवणं आटोपली की दोघी ओटीवर वही घेऊन बसायचो.

मोठे शब्द अडले नाहीत. ऑलिव्ह रिडले (समुद्री कासवाची जात), हॅचरी (अंडी जपून ठेवायची जागा), नेस्ट (अंड्यांचा खड्डा) हे शब्द इथल्या लहान मुलांनाही येतात. अडलं ते ही, शी, इट, दे, वी या एवढ्याशा शब्दांपाशी. त्यांनी आमचा जितका वेळ घेतला तितका बाकी सगळ्या इंग्रजीनं मिळून घेतला नसेल, आणि मला त्या वेळेचं अजिबात वाईट वाटत नाही.

पहिलं वाक्यच बघा. मराठीत आपण म्हणतो, कासव रात्री किनाऱ्यावर येतं. कासव नपुंसकलिंगी, ‘ते’ म्हटलं की काम झालं. इंग्रजीत ‘द टर्टल’ लिहिल्यावर पुढच्या वाक्याला ‘इट’ की ‘शी’? प्राण्याला ‘इट’ हे शाळेत शिकलेलं. पण किनाऱ्यावर येते ती मादीच. नर पिल्लू म्हणून एकदा समुद्रात गेला की पुन्हा वाळूवर येत नाही. मग जी माहीत आहे ती गोष्ट झाकून ‘इट’ का लिहायचं? इंग्रजीत प्राण्याचं लिंग ठाऊक असेल आणि सांगण्यात त्याला महत्त्व असेल तर ‘ही’ किंवा ‘शी’ अगदी शुद्ध आहे. जानेवारी 2022 मध्ये इथे वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला होता, पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच झालं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. प्रथमाला कोण ‘इट’ म्हणेल? आम्ही ‘शी’ लिहिलं.

पिल्लांचं मात्र उलट. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त. आणि नुकतं निघालेलं पिल्लू वरून बघून नर-मादी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एका पिल्लाला ‘इट’ आणि अनेकांना ‘दे’. एकाच पानावर आईला ‘शी’ आणि पिल्लाला ‘इट’ हे पुतणीला आधी खटकलं. ती म्हणाली, “काकू, वाचणाऱ्याला वाटेल की पिल्लाला आपण वस्तू समजतो.” मी म्हटलं, तसं वाटू नये म्हणून कारण पानावरच लिहू. वाळूच्या उष्णतेची ती दोन वाक्यं अशी आमच्या माहितीत आली, आणि आता पाहुणे सगळ्यात जास्त त्याच गोष्टीबद्दल विचारतात.

इथे आम्हाला एक मोठी गोष्ट उमगली. मराठीत सर्वनाम गाळलं तरी चालतं, कारण क्रियापद बरंच काही सांगतं. ‘रात्री आली, खड्डा केला, अंडी घातली, वाळू लोटली, परत गेली.’ एकही सर्वनाम नाही, तरी ‘आली’ आणि ‘गेली’ यांवरून मादी आहे हे कळतं. इंग्रजीत ‘केम’ आणि ‘वेंट’ ही क्रियापदं बाई, बुवा, कासव, होडी सगळ्यांना सारखीच. कोण आलं हे सांगायचा सगळा भार त्या एका ‘शी’वर. म्हणून इंग्रजीत ते गाळता येत नाही आणि चुकीचं घालूनही चालत नाही. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांची सर्वनामं का गळतात आणि ‘ही’-‘शी’ची अदलाबदल का होते, याचं मूळ मला इथे दिसतं. आपल्याकडे ते काम शब्दाच्या शेपटीला असतं, त्यामुळे सुरुवातीच्या शब्दाकडे लक्ष द्यायची सवयच नसते.

पुढचं वाक्य कुत्र्यांचं होतं. कुत्री, कोल्हे अंडी उकरून खातात, म्हणून कासवमित्र, म्हणजे कासवं जपणारे इथले स्वयंसेवक, ती हॅचरीत नेतात. इंग्रजीत झालं असतं, ‘व्हेन डॉग्ज फाइंड द एग्ज, दे डिग देम अप, सो द व्हॉलंटिअर्स मूव्ह देम.’ व्याकरणात हे वाक्य पास होईल. पण शेवटचं ‘देम’ कुणाचं? अंड्यांचं की कुत्र्यांचं? इथे राहणाऱ्याला प्रश्न पडणार नाही, पण दिल्लीहून पहिल्यांदा आलेल्याला पडू शकतो. मराठीत कुत्री आणि अंडी दोन्ही नपुंसकलिंगी अनेकवचनी धरली तर तिथेही गोंधळ होतोच, पण ‘माद्या’, ‘नर’ असं काही मध्ये आलं की क्रियापद वाट दाखवतं. इंग्रजीत अनेकवचनाला एकच ‘दे’, त्याला लिंग नाही. आम्ही पेन्सिलनं प्रत्येक सर्वनामाखाली रेघ मारली आणि ते ज्या नामासाठी आलंय तिथपर्यंत बाण काढला. बाण दोन ठिकाणी जाऊ शकला की सर्वनाम खोडायचं आणि नाम पुन्हा लिहायचं: ‘मूव्ह द एग्ज टु द हॅचरी.’ नाम पुन्हा आलं म्हणून वाक्य बिघडत नाही. शाळेत ‘तेच तेच नाव लिहू नका, सर्वनाम वापरा’ असं शिकवतात. माहिती लिहिताना हा सल्ला बेतानं घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द निघाला ‘वी’. मराठीत ‘आम्ही पिल्लं सोडतो’ आणि ‘आपण पिल्लं सोडू’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आम्ही’त ऐकणारा नाही, ‘आपण’मध्ये आहे. इंग्रजी ‘वी’मध्ये दोन्ही. ‘अॅट सनराइज वी रिलीज द हॅचलिंग्ज’ असं वाचलेला पाहुणा आपल्यालाही पिल्लू हातात घ्यायला मिळणार अशा समजुतीनं येईल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या पुढे जायचं नाही, हे इथले नियम पिल्लांच्या जिवासाठी आहेत. त्यामुळे ‘आम्ही’ होतं तिथे ‘द व्हॉलंटिअर्स’ लिहिलं. ‘आपण’ होतं तिथे ‘यू’ आणि ‘वी’ वेगळे केले: ‘वी वॉक टु द बीच टुगेदर. द व्हॉलंटिअर्स रिलीज द हॅचलिंग्ज. यू वॉच फ्रॉम बिहाइंड द रोप.’ तीन छोटी वाक्यं, पण कोण काय करणार यात शंका उरत नाही. सबंध दोन पानांतलं मला सगळ्यात आवडणारं काम हे.

‘यू’ची काळजी मात्र सोडून द्यावी. पाहुण्याला ‘तू’ म्हटल्यासारखं होईल का, अशी धाकधूक आपल्याला असते. ‘यू’ मुळात अनेकवचनी आणि आदराचं. एकवचनी ‘दाउ’ वेगळं होतं, ते साधारण सतराव्या शतकापर्यंत रोजच्या प्रमाण इंग्रजीतून मागे पडलं. म्हणजे आज उरलेलं ‘यू’ आपल्या ‘तुम्ही’च्या घरचं आहे. एका माणसालाही ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ नाही, ते याचमुळे.

‘हिज’ आणि ‘हर’ यांत पुन्हा मराठी पुढे आहे. ‘कासवमित्रानं पाहुण्याला आपला टॉर्च दिला’ म्हटलं की टॉर्च कासवमित्राचा. ‘त्याचा टॉर्च दिला’ म्हटलं की बहुधा पाहुण्याचा. इंग्रजीत दोन्हीला ‘हिज टॉर्च’. ‘हिज ओन’ म्हणून थोडं सावरता येतं, नाहीतर वाक्य फिरवावं लागतं. ‘इट्स’चं एवढंच लक्षात ठेवलं: अपॉस्ट्रॉफी असेल तर ते ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, मालकी दाखवायची असेल तर अपॉस्ट्रॉफी नाही, जसं ‘हिज’, ‘हर्स’, ‘देअर्स’ यांनाही नाही. हा मालकीचा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला, त्याआधी निर्जीव वस्तूलाही ‘हिज’ चालायचं. पुतणीला हे फार आवडलं.

पानाच्या शेवटी संपर्कासाठी ओळ होती. ‘कॉल माय हजबंड ऑर मी’ (me) की ‘ऑर आय’? दुसऱ्याला काढून वाक्य म्हणून बघायचं. ‘कॉल आय’ कुणी म्हणत नाही, म्हणून ‘मी’. उलट ‘माय हजबंड अँड आय रन धिस होमस्टे’मध्ये नवऱ्याला वगळलं की ‘आय रन’ उरतं, म्हणून ‘आय’. या जागी अनेकजण ‘मायसेल्फ’ घालतात, फोनवरही ‘मायसेल्फ अमुक’ म्हणून सुरुवात करतात. ‘मायसेल्फ’ला आधी ‘आय’ लागतो: ‘आय कुक एव्हरीथिंग मायसेल्फ.’ हे वाक्य आम्ही ठेवलं, कारण ते खरं आहे आणि पाहुण्यांना सोलकढी कुणी केली ते कळायला हवं.

आदराच्या बहुवचनाबद्दल दोन शब्द. ‘काका आले, ते सांगतील’ याचं इंग्रजी मुलं ‘दे विल टेल’ करतात. काका एकटे असतील तर इंग्रजीत ‘ही’च, आणि त्यानं काकांचा मान कमी होत नाही. माझं माहेर मालवणकडचं. तिथे लहान मुलगी नपुंसकात बोलतात, ‘ता चेडू इला’, म्हणजे ती मुलगी आली. ते आमच्याकडचं लाडाचं बोलणं आहे. पण माहेरच्या भाचीनं शाळेत त्या चालीवर ‘इट’ लिहिलं तर बाईंना धक्का बसेल, म्हणून तिला मुद्दाम सांगून ठेवलंय: घरात ता, इंग्रजीत ‘शी’. घरातलं ‘ता’ तिनं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही.

आता ‘दे’बद्दल. नियमांच्या यादीत एक वाक्य होतं: कुणाकडे टॉर्च असेल तर त्यानं तो लाल कागदानं झाकावा. मराठीत ‘त्यानं’ म्हटलं तरी बाईसुद्धा त्यात धरतात. आपल्या कायद्यातही तसंच आहे, 1897 च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम 13 प्रमाणे पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात. इंग्रजीत जुन्या पुस्तकांत ‘ही’ दिसतं, पुढे ‘ही ऑर शी’. आम्ही लिहिलं, ‘इफ अ गेस्ट हॅज अ टॉर्च, दे शुड कव्हर इट.’ एका पाहुण्याला ‘दे’ कसं, असं घरात सगळ्यांनी विचारलं. पण ज्याचं नाव-गाव माहीत नाही अशा एका माणसासाठी ‘दे’ इंग्रजीत चौदाव्या शतकापासून लिहिलेलं सापडतं. ‘अ गेस्ट’च्या जागी ‘गेस्ट्स’ केलं तर प्रश्नच मिटतो, हेही खरं. यादीत काही ठिकाणी आम्ही तसंही केलं.

पानं छापून झाल्यावर एका पाहुण्यांचं इंग्रजीत बुकिंग आलं. नावाखाली ‘दे, देम’ असं लिहिलेलं. पुतणीनं सांगितलं की काही माणसं स्वतःला पुरुषही म्हणवत नाहीत आणि स्त्रीही, आणि आपल्याला ‘दे’ म्हणावं असं कळवतात. मेरियम-वेबस्टर शब्दकोशानं 2019 मध्ये हा अर्थ नोंदवला आणि त्या वर्षीचा शब्द म्हणून ‘दे’च निवडला. क्रियापद अनेकवचनीच राहतं, ‘दे आर कमिंग’, माणूस एक असला तरी. ज्यांनी स्वतः लिहून कळवलं त्यांना तसंच म्हणायचं, यात मला विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. उत्तर लिहिताना तर ‘यू’च लागतं, त्यामुळे पत्र सोपं गेलं.

अडचण आली ती घरात मराठी बोलताना. सासूबाईंनी विचारलं, कोण येणार, बाई की बुवा, आणि भाकऱ्या किती टाकायच्या. मी सांगितलं, एकच पाहुणे आहेत, शनिवारी येणार आहेत, मासे खातात, पहाटे किनाऱ्यावर जाणार आहेत. एवढ्या सगळ्या बोलण्यात बाई की बुवा हे कुठेच आलं नाही आणि आदरही राहिला. सासूबाई म्हणाल्या, “मग चार भाकऱ्या टाकते,” आणि पीठ घ्यायला आत गेल्या.